पहिले महायुद्ध वस्तूंतून वाचताना : शिशाची गोळी, काचेवरची छायाचित्रे, रणगाडा आणि एक झिजलेले पदक

पायवाट (धागालेखन)

नमस्कार मंडळी.

मागच्या ऑक्टोबरात मी उत्तर फ्रान्समधील सोम नदीचे खोरे आणि बेल्जियममधील ईपर गावाचा परिसर असा आठ दिवस पायी व सायकलने हिंडलो. पहिल्या महायुद्धाविषयी आपण शाळेत जे शिकतो ते साराएव्होचा गोळीबार आणि व्हर्सायचा तह यांच्यामध्ये आटोपते. पुढे वाचन वाढवले तरी सेनापती, नकाशे आणि मृतांचे आकडे यांपलीकडे फारसे जाता येत नाही. आकडे फार मोठे झाले की मन ते आत घेईनासे होते. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोमच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले आणि त्यांपैकी १९,२४० मेले, हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले होते. ते घडले कसे, हे मात्र मला एका शेताच्या बांधावर उभा असताना समजू लागले.

तिथल्या एका शेतकऱ्याने खिशातून एक शिशाची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती लहान गोटीएवढी होती आणि वजनाला जेमतेम तोळाभर भरली असती. शंभर वर्षे मातीत राहून तिच्यावर पांढुरका थर चढला होता. ती नीट गोल नव्हती. डब्यात ठासून भरलेले लाडू जसे एकमेकांना टेकून बाजूने चपटे होतात, तशी ती तीन-चार ठिकाणी चपटी झाली होती. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफेच्या एका श्रॅपनेल तोफगोळ्यात अशा पावणेचारशेच्या आसपास गोळ्या राळेत बसवलेल्या असत. तोफ डागताना तोफगोळ्याला जो प्रचंड हिसका बसे त्यात त्या एकमेकींवर दाबल्या जात. म्हणजे तिच्या अंगावरचे चपटेपण हाच ती तोफेतून सुटली होती याचा पुरावा होता.

आता हा तोफगोळा काम कसे करी ते पाहा. त्याच्या टोकाला पितळी फ्यूज असे आणि त्यावर आकडे कोरलेली एक फिरती कडी असे. किती सेकंदांनी फुटायचे ते तोफखान्याचा जवान ती कडी फिरवून ठरवी. ती वेळ भरली की बुडाशी असलेली दारू पेटे आणि तोफगोळ्याचे कवच हवेतच एखाद्या बंदुकीच्या नळीसारखे होऊन सगळ्या गोळ्या पुढे आणि खाली फेकी. उघड्या मैदानावरून चालत येणाऱ्या माणसांसाठी हे हत्यार घडवलेले होते. सोमच्या हल्ल्यापूर्वी सात दिवस जो भडिमार चालला, ज्यात १५ लाखांहून अधिक तोफगोळे उडाले, त्यात मात्र याच तोफगोळ्यांवर जर्मन खंदकांपुढची काटेरी तार तोडण्याचे काम सोपवलेले होते. तार तुटायची तर तो नेमक्या उंचीवर, तारेच्या अगदी जवळ फुटायला हवा. अर्धा सेकंद आधी फुटला तर गोळ्या विखुरून जात, आणि उशीर झाला तर सगळा मारा चिखलात रुते. नुसत्या स्पर्शाने, जमिनीत शिरण्याआधीच फुटणारा, तारेसाठी खरोखर उपयोगी असा फ्यूज, ज्याला १०६ क्रमांक मिळाला, तो १९१७ मध्ये सर्रास वापरात आला. सोमच्या पायदळाला त्याचा उपयोग झाला नाही. कित्येक ठिकाणी तार जशीच्या तशी उभी राहिली आणि तिच्यापाशी अडकलेली माणसे मशीनगनच्या माऱ्यात सापडली. हातातल्या त्या तोळाभर शिशामध्ये हे सगळे होते, आणि ती गोळी कशी चालत होती हे कळेपर्यंत त्यातले काहीच मला दिसत नव्हते.

बोमाँ-हामेल येथे न्यूफाउंडलंडच्या पलटणीचे स्मारक-उद्यान आहे. तिथले खंदक गवताखाली मऊ होऊन गेले असले तरी त्यांची वळणे अजून दिसतात. त्या सकाळी या पलटणीचे सुमारे ८०० जण पुढे निघाले आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ उभे राहिले. गवतात अजूनही लोखंडी खुंट्या उभ्या आहेत, ज्यांचे खालचे टोक बुचाच्या स्क्रूसारखे पिळदार आहे. रात्री दोन्ही खंदकांच्या मधल्या जमिनीवर तार लावायला जाणाऱ्यांनी लाकडी खुंटा हातोड्याने ठोकला तर आवाजाने शत्रू जागा होई, म्हणून ही खुंटी जमिनीत पिळून बसवायची पद्धत आली. खुंटीच्या वरच्या कडीतून एक काठी घालायची आणि बिनआवाज फिरवायचे. मी त्या खुंटीपाशी बराच वेळ बसलो. अंधारात श्वास रोखून काठी फिरवणारा माणूस कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. त्या भागात नांगराला लागलेले न फुटलेले तोफगोळे शेतकरी आजही विजेच्या खांबाच्या बुंध्याशी ठेवतात आणि ते नेण्यासाठी सैन्याचे किंवा सरकारचे पथक येते. बेल्जियममध्ये पुलकापेल येथील पथकाचे हे वर्षभराचे काम आहे. त्यांतील काहींमध्ये विषारी वायू असतो. कुणी तिकडे गेलात तर अशा कशालाही हात लावू नका. असा दारूगोळा सामानात घालून आणणे हा तिथे गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही आहे.

या धाग्यावर मला एवढेच हवे आहे की, ज्यांनी या युद्धाच्या वस्तू, यंत्रे किंवा छायाचित्रे जवळून पाहिली आहेत, त्यांनी ती कशी वाचली ते लिहावे. कुणाच्या घरी काही असेल तर त्याविषयीही लिहावे.

---

काचेची पाटी

लेख मनापासून आवडला. मी जुन्या छायाचित्रांच्या जतनाचे काम करतो, म्हणून तुमच्या मुद्द्याला छायाचित्रांच्या बाजूने थोडी जोड देतो.

फ्रान्समधील हिंदी सैनिकांची छायाचित्रे पाहताना मी आधी डोके पाहतो. पायदळातील सैनिकाच्या डोक्यावर जवळजवळ नेहमी फेटा दिसतो, पोलादी शिरस्त्राण दिसत नाही. याचे कारण तारखांत आहे. हिंदी सैन्याची पहिली तुकडी सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरली आणि हिंदी पायदळाला १९१५ च्या शेवटी पश्चिम आघाडीवरून काढून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, नेण्यात आले. ब्रिटिशांचे बशीसारखे पोलादी शिरस्त्राण १९१५ च्या शरदात थोडे थोडे येऊ लागले आणि सर्वांना मिळाले ते १९१६ मध्ये. म्हणजे न्यव्ह शापेल आणि ईपर येथे वरून फुटणाऱ्या, पायवाट यांनी वर्णन केलेल्या त्या गोळ्यांखाली आपले लोक कापडी फेट्यानिशी उभे होते. शिरस्त्राणाची रुंद कड मुळात याच वरून येणाऱ्या माऱ्यासाठी होती, हे लक्षात घेतले की त्या छायाचित्रांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. छातीवर चौकोनी पिशवीतला वायुरोधक मुखवटा दिसला तर चित्र १९१६ च्या मध्यानंतरचे समजावे. एप्रिल १९१५ मध्ये ईपरला जेव्हा पहिल्यांदा क्लोरीन सोडला गेला, तेव्हा ओल्या फडक्यापलीकडे काही नव्हते, आणि हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला चार दिवसांनी त्याच मैदानात उतरवले गेले.

दुसरी गोष्ट रंगीत छायाचित्रांची. युद्धकाळातली खरी रंगीत छायाचित्रे बरीचशी फ्रेंच सैन्याच्या छायाचित्रकारांनी ऑटोक्रोम नावाच्या काचेवर घेतली आहेत. या काचेवर बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून पसरलेले असत आणि प्रकाश त्यांतून गाळून जाई. त्यामुळे चित्र घ्यायला फार वेळ लागे. हलणारी कोणतीही गोष्ट त्यात उमटत नसे, म्हणून या चित्रांत माणसे बसलेली असतात, कपडे वाळत घातलेले असतात, पडकी घरे असतात. ही चित्रे पाहून एखाद्याला वाटेल की युद्ध बहुधा शांतच असे. तो शांतपणा बटाट्याच्या पिठाचा आहे, आघाडीचा नाही, हे चित्र पाहणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

याच्या उलट, ज्या चित्रांत धावपळ आणि धूर भरपूर दिसतो तिथे सावध राहावे. १९१५ मध्ये फ्रान्समधील हिंदी सैन्याची अधिकृत छायाचित्रे गर्डवुड या छायाचित्रकाराने घेतली. छावणीतली, स्वयंपाकाची, इस्पितळातली त्याची चित्रे अमोल आहेत. हल्ल्याची म्हणून दाखवलेली त्याची कित्येक चित्रे मात्र आघाडीच्या मागे, कॅमेऱ्यासाठी उभी केलेली आहेत. ती ओळखायची खूण सोपी आहे. छायाचित्रकार कुठे उभा आहे ते पाहावे. तो खंदकाच्या बाहेर, शत्रूकडे पाठ करून, धावत येणाऱ्यांच्या समोर उभा असेल तर तिथे गोळ्या चालू नव्हत्या. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत छायाचित्रकार फ्रँक हर्ली तर १९१७ मध्ये अनेक काचा एकत्र करून एक चित्र बनवी, आणि त्यावरून त्याचे युद्धाची नोंद ठेवणाऱ्या चार्ल्स बीन यांच्याशी मोठे भांडण झाले. बीन यांची बाजू मला पटते, कारण एकदा ढग दुसऱ्या काचेतून आणले की माणसेही आणता येतात.

विमानातून घेतलेल्या छायाचित्रांबद्दल एकच सांगतो. मार्च १९१५ मध्ये न्यव्ह शापेल येथे ब्रिटिशांनी पहिल्यांदाच शत्रूच्या खंदकांचा नकाशा हवाई छायाचित्रांवरून तयार करून हल्ला केला, आणि त्या हल्ल्यात निम्म्याच्या आसपास सैन्य हिंदी होते. खंदक सरळ दिसत नाही, तो करवतीच्या दातांसारखा दिसतो, कारण सरळ खंदकात एक तोफगोळा पडला तर सगळेच मरतील.

---

यंत्रवेडा

मी यांत्रिकी अभियंता आहे, तेव्हा रणगाड्यावर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

डॉर्सेटमधील बोव्हिंग्टन येथील संग्रहालयात १९१६ चा पहिल्या आवृत्तीचा रणगाडा आहे, आणि त्या आवृत्तीचा जगात तेवढा एकच उरला आहे. बाहेरून तो शंकरपाळ्यासारखा दिसतो, आणि लोखंडी पट्टा त्याच्या सगळ्या कडेने फिरतो. वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचे, वेग माणसाच्या भरभर चालीपेक्षा थोडा कमीच. आत आठ माणसे, आणि इंजिन त्यांच्याच मधोमध, कोणत्याही भिंतीशिवाय. नुसते वळायचे म्हटले तरी चार माणसे लागत. चालक पुढे, शेजारी ब्रेक सांभाळणारा अधिकारी आणि मागे दोन बाजूंचे गिअर बदलणारे दोघे. आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून इंजिनाच्या पत्र्यावर ठोकून मागच्यांचे लक्ष वेधायचे आणि बोटांनी खूण करायची. आतले तापमान पन्नास अंशांपर्यंत चढे आणि इंजिनाच्या धुराने माणसे बाहेर पडताच कोसळत. संग्रहालयात शेजारच्या कपाटात चामड्याचा एक मुखवटा ठेवलेला आहे. डोळ्यांपुढे बारीक फटी असलेली पट्टी आणि तोंडावरून लोंबणारी लोखंडी साखळ्यांची झालर. पत्र्यावर बाहेरून गोळी लागली की सांध्यांतून वितळलेल्या शिशाचे तुषार आत उडत, त्यांपासून चेहरा वाचवण्यासाठी तो होता. ही झालर पाहिल्यावर मला रणगाड्याच्या चिलखताविषयी आणखी काही वाचावे लागले नाही.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमवरच हे यंत्र पहिल्यांदा लढाईत उतरले. नेमून दिलेल्या ४९ पैकी ३२ च निघण्याच्या जागेपर्यंत पोहोचू शकले. बाकीचे वाटेतच बिघडले किंवा रुतले. त्याच्या नावाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लिंकन शहरातल्या कारखान्यात ते बनत असताना गुप्तता राखण्यासाठी ही मेसोपोटेमियातल्या सैन्यासाठी पाण्याची वाहने आहेत असे सांगितले जाई, आणि त्यावरून इंग्रजीत त्याला टँक, म्हणजे टाकी, म्हणू लागले ते आजतागायत. मराठीने रणगाडा हा स्वतःचा शब्द घडवला याचे मला फार समाधान वाटते. पण खोट्या कारणासाठी ज्या मेसोपोटेमियाचे नाव घेतले गेले, तिथे त्याच वर्षी आपल्या मराठा पलटणींना बोटी, औषधे आणि रुग्णवाहिका यांपैकी काहीच पुरेसे मिळत नव्हते. याच्या चौकशीसाठी १९१६ मध्ये आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १९१७ मध्ये आला.

आणखी एक यंत्र सांगतो, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. आघाडीवर दारूगोळा पोहोचवण्यासाठी ६० सेंटिमीटर रुंदीचे रूळ टाकलेले असत, म्हणजे आपल्या माथेरानच्या रुळांहून जेमतेम एक सेंटिमीटर अरुंद. सोमच्या काठी फ्रुआसी येथे १९१६ मध्ये टाकलेल्या अशा मार्गाच्या काही भागावर आजही छोटी गाडी धावते. त्या आघाडीसाठी अमेरिकेतील बाल्डविन कंपनीने बनवलेली वाफेची इंजिने युद्धानंतर मोडीत निघाली, तेव्हा त्यांतील काही भारतात विकली गेली आणि उत्तर प्रदेशातील खतौलीच्या साखर कारखान्यात ऊस ओढत राहिली. तिथून काही इंजिने पुढे ब्रिटनमध्ये परत नेऊन दुरुस्त केली गेली. तोफगोळे वाहिलेल्या यंत्राने आपल्याकडे कित्येक वर्षे ऊस वाहिला, हे मला एखाद्या स्मारकाइतकेच मोलाचे वाटते.

---

नदीकाठ

सर्वांचे लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु मला एक अडचण मांडायची आहे. आपण तोफगोळ्याचा फ्यूज, रणगाड्याचे इंजिन, शिरस्त्राणाची कड यांत इतके रमतो की ज्या माणसांना त्या वस्तूंनी मारले ती बाजूला पडतात. माझ्या परिचयाच्या एका घरात तोफेच्या पितळी कवचाची फुलदाणी आहे. त्यावर पाने कोरलेली आहेत आणि बुडाला सन व कारखान्याचा शिक्का आहे. पाहुणे आले की ती उचलून दाखवली जाते. त्या कवचातून जे सुटले ते कुणावर पडले असेल, हे मी कधी कुणाला विचारताना ऐकलेले नाही. मृत्यूच्या साधनांकडे अशा कौतुकाने पाहावे का?

---

पायवाट

नदीकाठ, तुमची अडचण खरी आहे आणि मी ती टाळून पुढे जाऊ इच्छित नाही.

सोमच्या काठी पेरॉन येथे महायुद्धाचे एक संग्रहालय आहे. तिथे सैनिकांचे गणवेश पुतळ्यांना घालून उभे केलेले नाहीत. जमिनीत पांढऱ्या दगडाचे उथळ खड्डे केले आहेत आणि त्यांत फ्रेंच, जर्मन, ब्रिटिश सैनिकाचे कपडे, बूट, पाण्याची बाटली, चमचा, फावडे असे सगळे आडवे मांडलेले आहे. पाहणाऱ्याला मान खाली घालूनच पाहावे लागते. कुठल्याही देशाचा सैनिक तिथे ताठ उभा नाही. मला वाटते, वस्तू कशी मांडली यावर कौतुक आणि समज यांतला फरक बराचसा ठरतो.

कांब्रेजवळच्या फ्लेस्कियेर गावातली गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. २० नोव्हेंबर १९१७ च्या लढाईत ब्रिटिशांचे साडेचारशेहून अधिक रणगाडे उतरले. त्यांतील डेबोरा नावाचा एक तोफांच्या माऱ्यात गावातच निकामी झाला आणि पुढे जमिनीत पुरला गेला. गावातल्या आठवणींचा माग काढत १९९८ मध्ये तो खणून काढण्यात आला. त्याचा पुढचा भाग फाटलेला आहे, पत्रा आत वळलेला आहे. त्या दिवशी त्याच्यातील पाच जण मेले आणि त्यांना त्याच गावच्या दफनभूमीत पुरले. २०१७ मध्ये त्या रणगाड्यासाठी जे संग्रहालय बांधले ते मुद्दाम त्या दफनभूमीला लागून बांधले आहे. फाटलेला पत्रा पाहून बाहेर आलो की पाच दगड समोर असतात. यंत्र पाहिल्याशिवाय ते पाच दगड मला इतके कळले नसते, आणि दगड पाहिल्याशिवाय ते यंत्र पाहण्यात अर्थ नव्हता.

फुलदाणीबद्दल एवढेच म्हणतो की पुढच्या वेळी ती उलटी करून पाहा. बुडावर १८ पौंडी तोफेची खूण, सन आणि कॉर्डाइट (बिनधुराची दारू) भरल्याची दोन अक्षरे मिळतील. ती मोठ्याने वाचली की विचारायचा प्रश्न आपोआप समोर येतो.

---

माणदेशी

मी इथे बहुधा वाचकच असतो, पण आज लिहितो. आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे. पणजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते. ते बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत, एवढेच घरात सांगितले जाते. त्यांचे छायाचित्र नाही. पत्र नाही. चांदीचे एक पदक आहे, ज्यावर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार आहे. पदकाची वरची दांडी काढून तिथे सोनाराकडून कडी बसवलेली आहे, कारण त्यांची आई ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असे. पुढे ते देवघरात आले आणि दरवर्षी दसऱ्याला घासले जाऊ लागले. कडेवर काही अक्षरे आहेत, पण ती झिजली आहेत. पलटणीचा आकडा ११ ने सुरू होतो, तिसरा अंक दिसत नाही. यावरून काही कळू शकेल का?

---

पायवाट

माणदेशी, तुमच्याकडे आहे ते या युद्धाचे ब्रिटिश युद्धपदक. घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी दिसेल, आणि १९१४ व १९१८ ही दोन वर्षे दिसतील. ते चांदीचे आहे म्हणजे तुमचे पूर्वज लढणाऱ्या पलटणीतच असावेत, कारण मजूर आणि हमालांच्या तुकड्यांतील लोकांना हेच पदक कांस्याचे दिले गेले. ही पदके चांदीच्या भावाने कित्येक घरांत वितळवली गेली. तुमचे उरले ते एका आईने गळ्यात घातले म्हणून.

तिसऱ्या अंकावर फार काही अवलंबून आहे. ११ ने सुरू होणाऱ्या मराठा पलटणी चार होत्या, ११०, ११४, ११६ आणि ११७. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, तुर्कांशी युद्धविराम होण्याच्या तोंडावर, टायग्रिसच्या काठी शरकत येथे ११४ व्या पलटणीने जो पराक्रम केला त्यासाठी तिला अठ्ठावीस शौर्यपदके मिळाली. ११७ वी आणि ११० वी, आणि शिवाय १०३ वी, या टायग्रिसकाठच्याच कूत शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे १४७ दिवस तो वेढा चालला. शेवटच्या दिवसांत विमानांतून पिठाची पोती खाली टाकली गेली आणि त्याआधी धान्य दळण्यासाठी जात्याचे दगडही विमानातूनच टाकले गेले. वेढ्यात अन्न पोहोचवण्याचा विमानांचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. शरण आलेले सुमारे तेरा हजार लोक होते आणि त्यांत हिंदी लोकच अधिक होते. कैदेत वाळवंटातून चालत जाताना आणि रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर त्यांतले हजारो मेले.

या चार पलटणींपैकी फक्त ११० वी लाइट इन्फंट्री होती. म्हणून आकड्यापुढे मराठा या नावानंतर एल हे अक्षर कुठे लागते का ते बघा.

---

काचेची पाटी

माणदेशी, आता ते पदक चिंचेने किंवा रांगोळीने अजिबात घासू नका. खोली अंधारी करा, पदक काळ्या कापडावर उभे धरा आणि मोबाइलचा दिवा कडेला जवळजवळ समांतर, तिरपा आणा. अक्षरे ठशाने दाबलेली आहेत, कोरलेली नाहीत, त्यामुळे वरचा थर झिजला तरी खाली दबलेला धातू तिरप्या उजेडात सावली टाकतो. दिवा डावीकडून आणि उजवीकडून असे दोन्ही वेळा छायाचित्र घ्या. ते जमले नाही तर पतंगाचा पातळ कागद कडेवर गुंडाळा आणि मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने घासून छाप घ्या.

---

यंत्रवेडा

बसऱ्याजवळच्या स्मारकाविषयी एक नोंद करतो. तिथे चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण केलेले आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे तिथे कोरली गेली, परंतु हिंदी शिपायांची बहुतांशी नावे न देता पलटणीखाली फक्त संख्या देण्यात आली. समाधीस्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव मान्य करून क्षमा मागितली आहे. त्यामुळे पदकाच्या कडेवरचे नाव हे बऱ्याचदा त्या माणसाच्या नावाचे एकमेव धातूवरचे लेखन असते. माणदेशी, कृपया सावकाश आणि नीट करा.

---

माणदेशी

तीन रात्री लागल्या. पहिल्या दोन रात्री काहीच हाती आले नाही. काल वडिलांनी दिवा धरला आणि मी पदक फिरवत राहिलो, तेव्हा तिसऱ्या अंकाच्या डाव्या बाजूला एक बारीक कमान दिसली. दिवा दुसऱ्या बाजूला नेला तेव्हा तिची उजवी बाजू दिसली आणि ती खाली जाऊन डावीला मिळाली. मध्ये आडवी रेघ नाही. आकडा ११० आहे. पुढे मराठा, आणि सोनाराच्या डागापाशी एल अक्षराचा उभा दांडा आणि खालचा पाय स्पष्ट आहे.

त्याआधी चार अंकी शिपाई क्रमांक आहे आणि नाव आहे. नाव इथे लिहीत नाही, कारण ते आधी भावकीत सगळ्यांना सांगायचे आहे. त्यांच्या नावात ळ होता, जो इंग्रजीत लिहिता येत नाही, म्हणून कारकुनाने ल लिहिला आहे. वडिलांनी ते ठसे बोटाने चाचपत दोनदा मोठ्याने वाचले, दोन्ही वेळा ळ लावून.

पतंगाच्या कागदावरचा छाप घेतला आहे. पदक परत देवघरात ठेवले आहे. दसऱ्याला आता ते फक्त ओल्या कापडाने पुसायचे असे घरात ठरले आहे.